पाट आणि बाकडे

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण. वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेल्या मजकुरावरून.)



आजच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. ज्ञातीचा इतिहास सांगावा, तर तो मजहून अधिक जाणणारे येथे पुढच्याच रांगेत बसले आहेत. तरुणांना उपदेश करावा, तर सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस उभा राहिला की उपदेश येणार हे त्यांना आधीच ठाऊक असते, आणि जो उपदेश आधीच ठाऊक असतो तो कोणी ऐकत नाही. म्हणून मी आज एका उपाहारगृहाविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि भाषणाच्या शेवटी मला मंडळापुढे एक मागणी ठेवावयाची आहे, आणि ती मागणी कळण्यास ही हकीकत ऐकणे अवश्य आहे. तेवढा धीर आपण धराल अशी आशा आहे.

गिरगावात, आपल्या मंडळाच्या वसतिगृहापासून शे-दीडशे पावलांवर, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर ते आजही आहे. त्याचे नाव मी घेत नाही. मालकांच्या घरच्यांनी तशी विनंती केली आहे. आणि आपल्यांपैकी जे वसतिगृहात राहून शिकले, त्यांच्या ओठांवर ते नाव एव्हाना आलेच असेल. बाहेरून पाहण्यासारखे त्यात काही नाही. सहा संगमरवरी मेजे, त्यांच्या दोन्ही बाजूंस लाकडी बाकडी, कोपऱ्यात हात धुण्याची मोरी, आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी.

१९६५ सालच्या जून महिन्यात शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन मी मुंबईस आलो. ट्राम आदल्याच वर्षी, ३१ मार्च १९६४ रोजी, बंद झाली होती, आणि गिरगावातील वडीलधारी माणसे घरातले कोणी गेल्यासारखी तिच्याविषयी बोलत असत. आपल्या मंडळाने मला वसतिगृहात खाट दिली आणि पुस्तकांपुरती शिष्यवृत्तीही दिली. हे उपकार मी कधी विसरलो नाही, आणि आज पुढे जे बोलणार आहे ते बोलतानाही विसरलेलो नाही. वसतिगृहात सकाळचे जेवण मिळे. संध्याकाळची सोय ज्याने त्याने पाहावयाची असे. ती माझी सोय त्या उपाहारगृहाने चार वर्षे पाहिली.

मालकांना सारे जण तात्या म्हणत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, आणि बोलणे मोजके. दशमान नाणी १९५७ साली आली होती, तरी तात्यांचा तोंडी हिशेब आण्यांतच चाले. बारा आण्यांत राइस प्लेट मिळे: दोन पोळ्या, एक उसळ, आमटी, भात आणि वाटीभर ताक. आमटी तुरीच्या डाळीची, आमसूल आणि गूळ घातलेली, गोड्या मसाल्याची. भटारखान्यात काकू स्वतः फोडणीस उभ्या असत. हिंग-मोहरीच्या त्या फोडणीचा वास चाळीच्या बोळात आला, की दिवसभर आवरून धरलेली घराची आठवण एकाएकी अनावर होई. माझी आई आमटी तशीच करीत असे असे म्हणणे खरे होणार नाही; तिच्या आमटीत गूळ कमी असे. परंतु परक्या शहरात, सतराव्या वर्षी, ‘आणखी भात वाढू का?’ असे कोणी विचारले, की गुळाचा हिशेब कोण करतो?

त्याच वर्षी देशात धान्याची टंचाई होती, पाकिस्तानशी युद्ध झाले होते, आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. सोमवारी संध्याकाळी उपाहारगृहे बंद राहू लागली. तात्यांनी तो नियम कसोशीने पाळला. सोमवारी सायंकाळी दाराच्या फळ्या लावून ते बाहेर एक बाकडे टाकून बसत, आणि वसतिगृहाचा मुलगा दिसला की काकूंनी उकडलेली रताळी कागदात बांधून त्याच्या हाती देत. एकदा मी संकोचाने म्हणालो, “तात्या, आज उपास ना?” त्यावर ते म्हणाले, “शास्त्रीजींनी धान्य सोडायला सांगितलंय. रताळं धान्यात येत नाही.”

पुढच्या पावसाळ्यात मी तापाने आठ दिवस खाटेवर पडून होतो. तिसऱ्या दिवशी तात्यांचा पोऱ्या डबा घेऊन वर आला. डब्यात मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तुपाची धार. मी निरोप पाठविलेला नव्हता. दोन दिवस माझी जागा रिकामी दिसली, एवढ्यावरून त्यांनी ओळखले होते. त्या आठ दिवसांचे पैसे त्यांनी पुढे घेतले. फुकट दिले असते तर मला ते गिळले नसते, हेही त्यांना कळत होते. ‘उद्या उधार’ ह्या पाटीखाली बसून ज्यांनी आम्हां मुलांना महिनेच्या महिने उधारीवर जेवू घातले, त्या गृहस्थांचे पैशांचे देणे मी १९६९ साली पहिल्या पगारात फेडले. दुसरे एक देणे राहिले. त्याची हकीकत पुढे येते.

त्या बाकड्यावरच मला माझा जन्माचा स्नेही भेटला. तो मराठवाड्यातून आलेला. फोर्टातील सिद्धार्थ महाविद्यालयात शिकावयाचा आणि संध्याकाळी गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवावयाचा. मी चौपाटीजवळच्या महाविद्यालयात. आमची ओळख होण्याचे दुसरे काही कारण नव्हते. जागा नव्हती म्हणून तो माझ्या बाकड्यावर येऊन बसला, एवढेच. त्याच्या बोटांना शाईचा वास येत असे, आणि जेवण्यापूर्वी तो ती बोटे मोरीवर मीठ लावून घाशीत असे. त्याची जात मला पहिल्या आठवड्यातच कळली. त्याने ती लपविली नाही आणि मी विचारली नव्हती. ज्या समाजास आपल्या वाडवडिलांनी अस्पृश्य म्हणून दूर ठेवले, त्या समाजातला तो होता.

आपल्याच वाडीतील एका गृहस्थांस ही गोष्ट खटकली. त्यांनी एके दिवशी गल्ल्यापाशी उभे राहून तात्यांना हळूच विचारले, “तुमच्याकडे हल्ली कोण कोण बसतं, पाहता का?” तात्या नाणी मोजीत होते. मोजता मोजताच ते म्हणाले, “पाटावर एकच माणूस बसतो, रावसाहेब. हे बाकडं आहे. इथं दुसरा आला की सरकून जागा द्यावी लागते.”

बंधुभगिनींनो, हे वाक्य त्या वेळी मला केवळ हजरजबाबीपणाचे वाटले. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले, की त्या साध्या बाकड्यामागे शेकडो माणसांचे झगडे आहेत. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींना चहा देण्यात आला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक तेथे उपस्थित होते. हजर राहिलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचले, आणि प्रायश्चित्तांचा वाद कित्येक महिने गाजला. एका पेल्याने केवढे वादळ उठविले! त्यानंतरही बराच काळ मुंबई-पुण्यात जातवार खानावळी होत्या आणि पाटीवरच जात लिहिलेली असे. रेल्वेच्या स्थानकांवर हिंदूंचे पाणी निराळे आणि मुसलमानांचे निराळे मिळे. चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकासाठी कप बाजूस ठेवीत, आणि तो त्यानेच धुवून ठेवावा असा दंडक असे.

कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी काय केले ते आपण शाळेत शिकतो. तरी एक गोष्ट पुन्हा सांगतो. गंगाराम कांबळे हे त्यांच्या पदरचे नोकर. पाण्यास शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले आणि मदत दिली. गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह त्या दुकानी गेले, चहा मागवून प्याले, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. हेच ते शाहू महाराज, ज्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था वसतिगृहांचा विषय निघाला की त्यांचे नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी वसतिगृहे दिली तेच चहाच्या दुकानीही गेले, हे विसरता कामा नये. मुलगा शिकावा म्हणून ज्ञातीचे छत्र. आणि शिकलेल्या मुलाने त्या छत्राबाहेर यावे म्हणून तो पेला.

रत्नागिरीत १९३३ साली सर्व हिंदूंना खुले असे उपाहारगृह मुद्दाम काढावे लागले. म्हणजे तोवर साधे उपाहारगृह सर्वांना खुले असते असे कोणी गृहीत धरीत नव्हते. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्यावरून कोणासही तेथे मज्जाव करता येत नाही. अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा १९५५ साली आला, आणि त्यातही उपाहारगृहाचा समावेश झाला. एवढ्या थोर ग्रंथात राइस प्लेटच्या दुकानाची दखल घेतली गेली याचे नवल वाटावयास नको. माणसाला माणूस मानण्याची पहिली परीक्षा जेवणाच्या जागी होते, हे ती घटना लिहिणाऱ्यांनी स्वतः सोसलेले होते.

मुंबई शहरापुरते म्हणाल, तर गिरण्या आणि कचेऱ्या यांनी लाखो एकटे पुरुष येथे आणले आणि त्यांच्या भुकेने हे काम पुढे नेले. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० पासूनचे. माटुंग्याला रामा नायक यांनी उडुपी पद्धतीचे भोजनगृह १९४२ साली सुरू केले. इराण्यांच्या चहाच्या दुकानांत तर शेजारी कोण बसला आहे हे पाहण्याची रीतच नव्हती. गिरणगावात कामगारांच्या खानावळी बहुतांशी बायकांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून चालविल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्या बायकांना संघटित केले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा पगार थांबलेल्या कित्येक कामगारांच्या ताटाची काळजी ह्याच बायकांना पडली. सांगावयाचे ते एवढेच, की तात्यांचे बाकडे एकटे नव्हते. ह्या शहरात अशी हजारो बाकडी होती, आणि परक्याला शेजारी बसवून घेण्याची सवय आपल्याला त्यांनी लावली.

आता माझ्या देण्याची गोष्ट. ती सांगावयास मला एकोणसाठ वर्षे लागली.

१९६६ सालच्या डिसेंबरात आपल्या मंडळाचे स्नेहसंमेलन होते. वसतिगृहाच्या भोजनगृहात पंगत होती. पाट मांडलेले, केळीची पाने, पानांभोवती रांगोळी, उदबत्त्यांचा वास. मी माझ्या त्या स्नेह्यास जेवावयास बोलाविले. उत्साहात बोलाविले, कोणाला विचारावे असे मनातही आले नाही. तो धुतलेला सदरा घालून आला, बोटे घासून स्वच्छ करून आला, आणि माझ्या शेजारच्या पाटावर बसला. पाने वाढून होत आली होती. तेवढ्यात एक वडीलधारे गृहस्थ रांगेतून पाहत पाहत आले, आणि त्यांनी त्यास आडनाव विचारले. मग गाव विचारले. उत्तरे ऐकून ते क्षणभर थांबले आणि अगदी मृदू स्वरात म्हणाले, “आपण मागच्या पंगतीला बसा. ही पंगत आमच्या घरच्यांची आहे.”

माझा स्नेही उठला. त्याने त्यांना नमस्कार केला, दारातल्या चपला पायांत घातल्या, आणि तो निघून गेला. मी बसून राहिलो. ‘पुंडलीक वरदा’ झाले. मी जेवलो. जिलबी वाढली ती घेतली, मठ्ठा दोनदा मागून घेतला.

ते गृहस्थ आज हयात नाहीत, आणि त्यांना दोष देण्यास मी उभा राहिलेलो नाही. प्रश्न एका माणसाने विचारला. गप्प सारी पंगत बसली, आणि त्या पंगतीत त्याला बोलावून आणणारा मी होतो. कायद्याचा हात उपाहारगृहाच्या बाकड्यापर्यंत पोचला होता. घरच्या पंगतीत कोणास बसवावे हे मात्र आपल्याच मनावर सोपविलेले होते, आणि त्या दिवशी आपले मन उणे पडले.

रात्री मी तात्यांकडे गेलो. तो कोपऱ्यातल्या मेजावर राइस प्लेट जेवीत होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि पोऱ्याला म्हणालो, “मलाही एक.” मी जेवलेलो नाही असे त्याला वाटावे, एवढाच त्यात हेतू. भरल्या पोटावर मी ते सबंध ताट संपविले. घास उतरत नव्हता, तरी उतरविला. आम्ही परीक्षांविषयी बोललो, छापखान्याविषयी बोललो. त्या दुपारचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. पुढे तो मराठवाड्यात शिक्षक झाला. मी नोकरी लागून डोंबिवलीस राहावयास गेलो. पत्रे चालू राहिली, लग्नकार्यांना जाणे-येणे झाले, आणि तो विषय तसाच राहिला.

माझा स्नेही दर वर्षी ६ डिसेंबरास चैत्यभूमीवर येतो. २०२५ साली तो आला तेव्हा त्याचा फोन आला, “तात्यांचं दुकान अजून आहे का रे? असेल तर एकदा जाऊ.” ८ डिसेंबरास, सोमवारी, आम्ही निघालो. भुयारी मेट्रो दोनच महिन्यांपूर्वी गिरगावापर्यंत आली होती. ज्या रस्त्याने आम्ही ट्रामच्या आठवणी ऐकत पायी हिंडलो, त्याच्या पोटातून आम्ही कालबादेवी ओलांडून दोन स्थानकांत पोचलो, आणि सरकत्या जिन्याने वर आलो तो आपण कोठे निघालो हेच दोघांनाही कळेना. इतक्या इमारती गेल्या आहेत, इतके बुरुज उठले आहेत. शेवटी त्याने नाक वर केले आणि म्हणाला, “इकडून.” फोडणीचा वास आला होता.

बाकडी तीच आहेत. मेजांपैकी दोन बदलली आहेत. गल्ल्यावर तात्यांची नातसून बसते. पाटीशेजारी भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याचे काळे-पांढरे चौकोन चिकटविलेले आहेत, त्यामुळे ‘उद्या उधार’ला आता काही अर्थ उरलेला नाही. आम्ही राइस प्लेट मागितली. भात पूर्वीपेक्षा चांगला आहे. त्या काळी रेशनचा जाडा तांदूळ असे. खरे सांगतो, मला तो जाडा तांदूळच हवा होता, पण ती माझी खोड झाली. आमटी मात्र जशीच्या तशी आहे, तोच गूळ, तेच आमसूल. दोन घास झाल्यावर मी ताट थोडे दूर सारले आणि त्या दुपारविषयी बोललो. मी जेवलो होतो हेही सांगितले.

तो थोडा वेळ भात कालवीत राहिला. मग म्हणाला, “तू जेवला होतास हे मला तेव्हाच ठाऊक होतं. रात्री इथं शेजारी बसलास तेव्हा तुझ्या हाताला जिलबीच्या पाकाचा वास येत होता. तरी तू आलास, आणि दुसऱ्यांदा जेवलास. मला वाईट वाटलं, आणि हसूही आलं. म्हणून बोललो नाही.”

मी त्याला विचारले, “यंदाच्या आमच्या संमेलनाला येशील? माझ्याबरोबर?”

“तुझ्याबरोबर नाही,” तो म्हणाला. “तेव्हाही तूच बोलावलं होतंस, मंडळानं नव्हतं बोलावलं. मंडळाचं पत्र आलं तर येईन. पाहुणा म्हणून कुणाच्या आडोशानं बसायचं वय आता राहिलं नाही.”

आम्ही उठलो तेव्हा तात्यांच्या नातसुनेने पैसे घेण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली. चाळीची पुनर्बांधणी ठरली आहे. येत्या वर्षभरात जागा रिकामी करावी लागणार. नव्या इमारतीत गाळा मिळणार आहे, पण तो उभा राहीपर्यंत तीन-चार वर्षे जातील. “एवढी वर्षं दुकान बंद राहिलं, काका, तर पुन्हा उघडणार नाही. आचारी जातील, गिऱ्हाईक जाईल,” ती म्हणाली. “जवळपास भाड्यानं जागा पाहतेय. परवडत नाही.”

बंधुभगिनींनो, आता माझी मागणी.

आपल्या वसतिगृहाचे भोजनगृह आणि त्याला लागून असलेला मुदपाकखाना गेली बारा वर्षे कुलपात आहेत. वसतिगृहात आज मोजकी मुले आहेत आणि ती डबे मागवितात. आपण वर्षातून एकदा ते कुलूप ह्या संमेलनाच्या स्वयंपाकासाठी काढतो. ती जागा त्या उपाहारगृहास त्याची नवी इमारत होईपर्यंत द्यावी, त्यांना झेपेल अशा भाड्याने द्यावी, अशी मी मंडळास विनंती करीत आहे. आपली मुले तेथे जेवतील, आणि ज्याला भूक लागली आहे असा रस्त्यावरचा कोणीही जेवेल.

ह्यावर दोन आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे, कारण खासगीत ते माझ्यापर्यंत आलेलेच आहेत. पहिला भाड्याचा. बाजारभावाने एखाद्या दुकानदारास जागा दिली तर मंडळास अधिक उत्पन्न होईल, हे खरे आहे. त्याचे उत्तर असे, की ह्या सभेत बसलेल्या आपल्यांतील कितीतरी जणांच्या शिक्षणात त्या उपाहारगृहाची उधारी आहे. ती कोणत्याही जमाखर्चात मांडलेली नाही, म्हणून ती नव्हती असे होत नाही. भाड्यातील तूट भरून काढण्यास माझ्यासारखे वसतिगृहाचे जुने विद्यार्थी पुढे येतील. माझा वाटा मी आजच चिटणिसांकडे देऊन ठेवला आहे. परवाने, पाणी, आगीपासूनची सुरक्षितता ह्या गोष्टी तज्ज्ञांकडून तपासून घ्याव्यात. त्यात घाई नको.

दुसरा आक्षेप असा, की बाहेरची माणसे मंडळाच्या वास्तूत येतील. होय, येतील. त्यासाठीच मी ही मागणी करीत आहे. आपल्या मंडळाने ज्ञातीच्या मुलांना शिकविले, नोकऱ्यांस लावले, विधवांना साहाय्य केले. हे कार्य मोठे आहे आणि ते पुढे चालावे. परंतु ज्या जागेतून एकदा एक माणूस भरल्या पानावरून उठून गेला, त्या जागेत पाटांऐवजी बाकडी आली तर आपली ज्ञाती लहान होणार नाही. फार तर आपल्याला थोडे सरकून बसावे लागेल.

आणि आणखी एक लहानशी विनंती. पुढील वर्षीच्या संमेलनाची निमंत्रणे निघतील तेव्हा त्यांतले एक पत्र मंडळाच्या शिक्क्यानिशी, अध्यक्षांच्या सहीने, मराठवाड्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या पत्त्यावर जावे. पत्ता मी चिटणिसांना दिला आहे. ते माझे पाहुणे म्हणून येणार नाहीत. ते मंडळाचे निमंत्रित म्हणून येतील, आणि कोणत्या पंगतीला बसावयाचे ते त्यांचे ते ठरवतील. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे, माझे सत्त्याहत्तर. तेव्हा ठराव फार पुढे ढकलू नये, एवढेच सुचवितो.

भोजनगृहाची किल्ली कार्यालयातील लाकडी कपाटात, वरच्या खणात आहे. ती तेथे आहे हे मी आज सकाळी पाहून आलो आहे.